सिगारेटच्या पाकिटाएवढा व्हॉल्व्ह

1 फेब्रुवारी 1997 च्या पहाटे जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या मोटारींच्या ब्रेकमध्ये बसणारा एक व्हॉल्व्ह तिथेच बनत असे. आकार सिगारेटच्या पाकिटाएवढा, पण त्याच्यावाचून गाडी बाहेर पडू शकत नव्हती. मालाचा साठा करून पैसा अडकवायचा नाही, हा टोयोटाचा शिरस्ता. त्यामुळे हाताशी माल होता अगदी थोडा. तीन दिवसांत टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले.

मग घडलं ते खरोखर थक्क करणारं आहे. आयसिनने आपली रेखाचित्रं सगळ्यांना खुली केली. दर आणि करार ठरण्याची वाट न पाहता कितीतरी कंपन्या कामाला लागल्या. मोटारीचा एकही भाग कधी न बनवलेल्या, शिलाई मशीनवाल्या ब्रदर कंपनीनेही व्हॉल्व्ह कातून दिले. सुमारे आठवड्याभरात उत्पादन रुळावर आलं.

एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका या आगीने दाखवला, हे खरंच. पण त्यातून निभाव लागला तो वर्षानुवर्षं जपलेल्या संबंधांमुळे. मदतीला आलेल्या कंपन्यांचा खर्च पुढे आयसिनने भरून दिला आणि टोयोटानेही आपल्या प्रमुख पुरवठादारांना वेगळी रक्कम दिली.