जर्मन खिम्याचा वडा : त्याचे पोषणमूल्य



जर्मनीत ज्याला ‘फ्रिकाडेले’ आणि बर्लिनकडे ‘बुलेटे’ म्हणतात, तो खिम्याचा चपटा वडा आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत; ताटात नव्हे, तराजूत!

कृती साधी आहे. गाईच्या व डुकराच्या मांसाचा खिमा, दुधात वा पाण्यात भिजवून पिळलेला शिळा पाव, अंडे, कांदा, मीठ, मिरी हे सारे एकत्र मळावयाचे आणि चपटे वडे थापून चरबीवर दोन्ही बाजूंनी परतावयाचे. अशा १०० ग्रॅम वड्यात साधारण १६ ग्रॅम प्रथिने, १५ ग्रॅम स्निग्धांश आणि सव्वादोनशे उष्मांक असतात. शिवाय जस्त, ब१२ जीवनसत्त्व आणि शरीरात सहज शोषले जाणारे लोह मिळते. मात्र निम्म्याहून अधिक उष्मांक चरबीचे असतात, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, शिळा पाव ही तर भेसळच! आम्हांस तसे वाटत नाही. गव्हाच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. मांस, अंडे व दूध ती उणीव भरून काढतात. थोड्या मांसात घरची सारी माणसे जेवतात, आणि वडाही मऊ राहतो.

आता शास्त्रज्ञांकडे वळू. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या कार्ल फॉइट यांनी कष्टकरी माणसास रोज ११८ ग्रॅम प्रथिने हवीत, असे सांगितले. आज जर्मन पोषण संस्था प्रौढास वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम पुरेसे मानते. म्हणजे ७० किलोच्या माणसास ५६ ग्रॅम. याच संस्थेने २०२४ साली मांस व सॉसेज मिळून आठवड्यास फार तर ३०० ग्रॅम खावे, असा सल्ला दिला. दोन-दोन वडे आठवड्यातून तीनदा खाल्ले, की ही मर्यादा ओलांडलीच!

गंमत पाहा. मांस पुरवून पुरवून वापरणारी गृहिणी आजच्या शास्त्राच्या अधिक जवळ होती. तिने विपन्नतेपोटी जे केले, ते संपन्नतेत समजून करावे लागते. एक वडा, सोबत उकडलेले बटाटे आणि भरपूर कोबी, एवढे जेवण पुरे. खिमा मात्र आतपर्यंत शिजलेला हवा, कारण दळताना वरचे जंतू आत मिसळतात.

अन्नाचा गुण प्रमाणावाचून सांगता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे.