इराण्याचे हॉटेल आणि बाईची खाणावळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या हॉटेलांवर बोला असे मला सांगण्यात आले तेव्हा प्रथम वाटले, हा तर पुरुषमंडळींचा विषय! चार वयस्क गृहस्थ जमले की कोपऱ्यावरच्या इराण्याची आठवण निघतेच. ती संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, ब्रून मस्का आणि 'पानी कम' चहा. एका कपावर तासभर वर्तमानपत्र वाचीत बसावे. इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी ही हॉटेले काढली. कोपऱ्याची जागा आपले व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांच्या वाट्याला आली, असे सांगतात. धोबीतलावाचे क्यानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ सालचे. मराठी माणूसही मागे नव्हता. दादरला मामा काण्यांचे 'स्वच्छ उपाहारगृह' १९१० साली निघाले. 'स्वच्छ' हा शब्द पाटीवर घालावासा वाटला, यातच त्या काळाबद्दल पुष्कळ काही आले!

पण या साऱ्या आठवणींत बाई कोठे आहे? बाईमाणसाने हॉटेलात खाणे हे चांगल्या घरचे लक्षण मानीत नसत. नवऱ्याबरोबर कधी गेलीच, तर तिच्यासाठी 'फॅमिली रूम' असे. मागे किंवा माळ्यावर लाकडी फळ्यांचा आडोसा. तेथून ना रस्ता दिसे, ना ते आरसे. माझ्या सासूबाई म्हणत, "हॉटेल म्हणजे आम्हाला त्या फळीचा रंग तेवढा ठाऊक." मला मात्र त्या खोलीचा फारसा राग येत नाही. दहा माणसांच्या बिऱ्हाडात ज्या जोडप्याला दोन शब्द बोलायला जागा नसे, त्याला दोन कप चहाच्या पैशांत ती तेथे मिळत असे.

आता दुसऱ्या जेवणघराविषयी बोलते. त्याला पाटी नव्हती आणि गल्लाही नव्हता. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून लालबाग-परळच्या गाळ्यात आठ-दहा जणांत राही. जेवायला तो चाळीतल्याच एखाद्या बाईकडे लागे. ही खाणावळवाली, आणि तो तिचा 'मेंबर'. एका खोलीचा संसार, त्यातच चूल, त्यातच पंगत. पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी हिच्या भाकऱ्या तयार पाहिजेत, आणि दुसरी पाळी सुटून माणसे मध्यरात्री आली तरी आमटी गरम पाहिजे. म्हणजे गिरणीच्या सगळ्या पाळ्या हिने एकटीने करायच्या! पैसे मिळायचे मेंबरांचा पगार झाल्यावर. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज बाईच्या डोक्यावर. मंगळसूत्र गहाण पडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. इतके करून कामगार म्हणून तिची नोंद कोठेच नाही.

१९७३-७४ साली गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार थांबले, पण माणसांची भूक कशी थांबणार? या बायकांनी संपवाल्यांना उधारीवर जेवू घातले. संपाच्या सभांतून भाषणे पुढाऱ्यांची झाली आणि संप तगला तो यांच्या पिठाच्या डब्यावर. प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले. त्यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि ज्या बायकांना कोणी दारात उभे करीत नसे, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांतून कर्ज मिळवून दिले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मेंबर गावी निघून गेले. बायकांच्या वह्यांत त्यांची नावे आणि येणे रकमा राहिल्या. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत.

इराण्याचे कौतुक करायला आज माणसे आहेत. लंडनमध्ये २०१० साली त्याच धर्तीवर 'डिशूम' नावाचे हॉटेल निघाले, तशाच खुर्च्या, तशीच टेबले. खाणावळीची नक्कल करावी असे कोणाला वाटले नाही. नक्कल करणार तरी कशाची? स्टोव्ह, पाट आणि एक वही, एवढाच तिचा थाट.

ती वहीच मला हवी आहे. आपल्या सभासदांपैकी काहींच्या आयांनी, सासवांनी खाणावळी चालविल्या आहेत, हे आपण एकमेकींना ठाऊक आहोत म्हणून मी जाणते. ट्रंकेत, माळ्यावर हिशेबाची वही पडली असेल तर रद्दीत घालू नका. कोण मेंबर, कोणत्या गावचा, किती दिवस जेवला, काय राहिले, जे वाचता येईल ते उतरवून आणा. वही नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवण्याचे चिटणीसबाईंनी कबूल केले आहे.