कळांआधीची तयारी : गर्भाशयमुख आणि संप्रेरके

गर्भाशयमुख म्हणजे रोजच्या बोलण्यातले पिशवीचे तोंड. पिशवीचा वरचा भाग स्नायूंचा. तोंडात मात्र स्नायू थोडे आणि कोलॅजनचे चिवट तंतू जास्त. त्यांच्या घट्ट विणीमुळे ते नऊ महिने मिटलेले राहते. बाळंतपणात तेच दहा सेंटिमीटर उघडावे लागते, आणि नुसत्या कळांच्या जोरावर ते होत नाही. आधी वीण सैल व्हावी लागते. दिवस भरण्याच्या कितीतरी आधी, बाईला काहीही न जाणवता, ही तयारी सुरू झालेली असते.

तोंड मिटलेले ठेवण्याचे मुख्य काम प्रोजेस्टेरॉनचे. मेंढीत प्रसूतीआधी कोकराच्या कॉर्टिसॉलमुळे ते रक्तातून झपाट्याने घटते. बाईच्या रक्तात ते वार पडेपर्यंत भरपूर असते. बदलतात ते पेशींमधले त्याचे ग्राहक, आणि त्याचा हुकूम चालेनासा होतो. इस्ट्रोजेनचा जोर वाढतो. गर्भाची आवरणे आणि खुद्द तोंड प्रोस्टाग्लँडिन बनवू लागतात. मग पाणी धरून ठेवणारे हायलुरोनन वाढते, कोलॅजनचे तंतू एकमेकांपासून सुटतात, आणि पांढऱ्या पेशी ते तोडणारी विकरे सोडतात. नाकाच्या शेंड्यासारखे टणक लागणारे तोंड बोटांना ओठांसारखे मऊ लागते. रिलॅक्सिनचेही नाव या संदर्भात घेतात, पण उंदरीण-डुकरिणीत दिसणारा त्याचा प्रभाव बाईत तितकासा स्पष्ट नाही.

ऑक्सिटोसिनचे काम वेगळे. ते कळा आणते, तोंड मऊ करत नाही. टणक तोंडावर नुसतेच त्याचे सलाईन लावले की बाई तासन् तास कळा सोसते आणि शेवटी पुष्कळदा सिझेरियनच होते. म्हणून आधी तपासणी. एडवर्ड बिशप यांनी 1964 मध्ये मांडलेल्या गुणांकनात पाच गोष्टी पाहतात : तोंड किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ, कोणत्या दिशेला, आणि बाळाचे डोके किती उतरले. त्याला यंत्र लागत नाही, सरावलेली दोन बोटे पुरतात. पेडण्यात पुरतात तशीच बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातही.

कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची रीत जुनी आहे. ती अगदीच निराधार नव्हती : एरंडेलातले रिसिनोलेइक आम्ल प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहकावर काम करते, असे 2012 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. मात्र जुलाब होतात, आणि परिणामाचा भरवसा नाही.

आज तोंड मऊ करायला प्रोस्टाग्लँडिनच वापरतात. डायनोप्रोस्टोनची जेल फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वस्त, फ्रिजशिवाय टिकणारी, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत पाकिटातून आधीच काढून ठेवण्याजोगी नाही. फोलीच्या नळीचा फुगा हा तिसरा मार्ग. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींवर गोळी आणि फुगा यांची तुलना झाली, ती 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. चोवीस तासांत योनिमार्गे प्रसूती गोळीच्या गटात 57 टक्के, फुग्याच्या गटात 47 टक्के.

आधी सिझेरियन झालेल्या बाईला दिवस भरल्यावर मिसोप्रोस्टॉल देत नाहीत. जुना व्रण फाटण्याचा धोका असतो. इतरांनाही ते देताना कळांवर आणि बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवे, शस्त्रक्रियेची सोय हाताशी हवी. त्यामुळे डिचोलीहून अस्नोड्यामार्गे किंवा पेडण्याहून कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय गाठायचे, ते गोळी घेण्याआधी.