दूरच्या ठाण्याला दिलेली आज्ञा

भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिजाच्या वाघिणी येतात. गाडी धावते रुळांवरून. पण ती सोडावी की रोखून धरावी, हे रुळांवर ठरत नाही. रेल्वेच्या जुन्या ब्लॉक पद्धतीत एका स्थानकाचा मास्तर पुढच्या स्थानकाला तारेवरून घंटेच्या ठोक्यांनी विचारतो, आणि तिकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्यावरच गाडी हलते. माल एका वाटेने, शब्द दुसऱ्या वाटेने. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. संगणकांनी परस्परांना फायली कशा पाठवाव्यात, याचा नियम त्यानंतर बारा वर्षांनी लिहिला गेला. परंतु त्याची घडण रेल्वेच्या माणसाला मुळीच अनोळखी वाटणार नाही.

तो नियम लिहिणारा गृहस्थ भारतीय होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण हे पुढे अमेरिकेतील एम.आय.टी.त गेले, आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी ‘एफटीपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा पहिला आराखडा मांडला. त्यात अनेक सुधारणा होत होत ऑक्टोबर १९८५ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी तिला जे रूप दिले, तेच पायाभूत मानले जाते. या पद्धतीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात. एकीवरून आज्ञा आणि उत्तरे जातात, दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल.

आता समजा, भिलाईतील एखाद्या कचेरीतला कारकून नागपूरच्या सर्व्हरवरील फाइल मागवीत आहे. पडद्यावरच्या ओळीत तो ‘गेट’ असा शब्द आणि फाइलीचे नाव लिहितो. परंतु ‘गेट’ हा शब्द नागपूरला पोहोचतच नाही. त्याच्या समोरचा कार्यक्रम, ज्याला क्लायंट म्हणतात, तो एखाद्या जाणत्या चिटणिसासारखा मजकूर बदलतो, दुसऱ्या जोडणीची तजवीज करतो आणि सर्व्हरला ‘रेटर’ ही ठरीव आज्ञा धाडतो. तिकडून तीन अंकी उत्तर येते. पहिला अंक १ असेल तर काम सुरू होत आहे, २ असेल तर पुरे झाले, ३ असेल तर पुढचा शब्द हवा आहे, ४ असेल तर अडचण तात्पुरती, आणि ५ असेल तर ही आज्ञा अशीच पुन्हा पाठवू नये. फाइलीचे नाव बदलण्याची आज्ञा तर दोन हप्त्यांत जाते. आधी जुने नाव सांगावयाचे. सर्व्हर ३५० असे उत्तर देऊन वाट पाहतो. मग नवे नाव सांगावयाचे.

चिटणिसाला जे ठाऊक नाही ते सर्व्हरकडून करवून घ्यावयाचे असेल तर काय? त्यासाठी ‘क्वोट’ हा शब्द आहे. त्याच्यापुढे जे लिहाल ते अक्षरशः, काना-मात्राही न बदलता, पलीकडे जाते. येथेच खरा धोका आहे. एरवी पूर्वतयारी करणारा चिटणीस आता नुसता जासूद होतो. कारकुनाने ‘क्वोट’ लावून थेट ‘रेटर’ पाठविले, तर सर्व्हर फाइल द्यावयास सज्ज होतो. पण ती घेण्यासाठी दुसरी जोडणी उघडावयाची आहे, याचा क्लायंटला पत्ताच नसतो. बहुधा ४२५ असे उत्तर येते, आणि नवखा माणूस सर्व्हरला दोष देतो.

‘साइट’ ही आज्ञा याहूनही मजेची. तिचा अर्थ ज्या त्या ठाण्याने आपापला ठरवावा, अशी नियमातच मुभा आहे. युनिक्सच्या सर्व्हरवर तिच्याकरवी फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे अधिकार ठरविता येतात; आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तिच्याकरवी नोंदीची लांबी आणि राखावयाची जागा सांगतात. बिंबाजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरकरांनी छत्तीसगडचा कारभार नागपुरात बसून सुभेदारांकरवी चालविला. हुकूम नागपूरचा असला तरी त्याची बजावणी जागेवरच व्हावयाची. ‘साइट’चे तसेच आहे. म्हणून अनोळखी सर्व्हरला आधी ‘रिमोटहेल्प’ ही विचारणा करणे शहाणपणाचे. त्याला कोणत्या आज्ञा कळतात, याची यादी तो स्वतःच देतो.

काही आज्ञांना परतीचा रस्ता नाही. फाइल पुसण्याची आज्ञा मिळाली आणि तेवढा अधिकार असला, म्हणजे सर्व्हर ‘खरेच का?’ असे विचारीत नाही. तो पुसतो आणि २५० असे कळवितो. दुसरी हानी अधिक छुपी. मूळ नियमाप्रमाणे, वेगळे सांगितले नाही तर फाइल साध्या मजकुराची धरली जाते आणि ओळींच्या शेवटच्या खुणा यंत्रायंत्रागणिक बदलल्या जातात. पत्राला त्याने अपाय नाही. परंतु एखाद्या यंत्रभागाचा नकाशा असा गेला, तर २२६, म्हणजे काम यथास्थित पुरे, असे उत्तर येऊनही तो नकाशा उघडत नाही. उत्तराने पोहोच दिली होती, शाबूत असल्याची हमी नव्हे.

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, या मूळ पद्धतीत नाव आणि परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जातात. वाटेवर कान लावून बसलेल्याला ते वाचता येतात. १९७१ साली जाळ्यावर मोजकी ठाणी होती आणि बहुतेक मंडळी संशोधक होती, तेव्हा कुलपाची निकड कोणाला भासली नाही. १९९७ साली या पद्धतीला सुरक्षेची जोड देणारा नियम निघाला, परंतु अनेक ठिकाणी जुनीच रीत चालू राहिली. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी तिची साथ सोडली.

तिच्या जागी आलेल्या एसएफटीपीत सारे संभाषण गुप्त लिपीत आणि एकाच जोडणीवरून होते. नावात साम्य असले तरी घराणे निराळे आहे. तो जुन्या पद्धतीचा वंशज नव्हे. ओपनएसएसएचच्या नेहमीच्या एसएफटीपी कार्यक्रमात ‘क्वोट’ नाही. ओळीच्या आरंभी उद्गारचिन्ह लिहून आज्ञा दिली, तर ती नागपूरच्या नव्हे, भिलाईच्याच यंत्रावर चालते.