चलनटंचाई आणि गावाची पत



आपल्यापाशी शंभराची नोट असेल तर ती क्षणभर हातात घ्या. तिच्यावर हिंदीत आणि इंग्रजीत एक वाक्य छापलेलं आहे. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचं वचन त्या वाक्यात दिलेलं आहे, आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. पाठीमागं पंधरा भाषांची एक पट्टी असते. तीत आपल्या मराठीतही ‘शंभर रुपये’ लिहिलेलं सापडेल. तेव्हा नोट म्हणजे एक लेखी वचन. ज्वारीचं पोतं वेगळं. सरकारनं काहीही ठरवलं तरी त्या ज्वारीची भाकरी होतेच. वचनाचं तसं नाही. उद्यापासून हे बाजारात चालणार नाही असं देणारानं जाहीर केलं, की हातात कागद राहतो.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी नेमकं हेच जाहीर केलं. त्या मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा व्यवहारातून बाद झाल्या. त्या बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. देशात फिरणाऱ्या चलनाच्या किमतीपैकी सुमारे ८६ टक्के किंमत ह्या दोन नोटांत होती. शंभरातले शहाऐंशी रुपये एका रात्रीत थांबले, म्हणा ना.

असं पूर्वीही दोनदा झालं होतं. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या. पण त्या दोन्ही वेळा खेड्यात आली ती फक्त बातमी. नोट मुळात आलेलीच नव्हती. हजाराची नोट शेतमजुराच्या पाहण्यात कशाला येते? २०१६ साली मात्र पाचशेची नोट आठवड्याच्या बाजाराची नोट झाली होती.

वेळही कशी होती पाहा. दिवाळी नुकतीच झालेली, सोयाबीन आणि कापूस घरात आलेला किंवा विकलेला, रब्बीच्या पेरण्या चालू, ऊसतोडीच्या टोळ्या फडावर. खेड्यातला रोख पैसा वर्षात सर्वांत जास्त हलतो तो ह्याच दिवसांत. कापूस वेचणारीला किलोमागं रोख द्यायचे, बियाणं रोखीनं आणायचं, औताचं भाडं रोख. आठवड्याला खात्यातून २४,००० रुपये काढता येतील असा नियम झाला खरा, पण शाखेतच रोकड नसेल तर नियम काय कामाचा? कित्येक शाखांनी माणशी दोनदोन हजार वाटून दिवस काढले. त्यातही दोन हजारांची नवी नोट हाती आली, की तिची मोड कुणाकडे मिळेना. दीडशे रुपयांच्या किराण्याला दोन हजारांची नोट पुढं करणारा आणि ती परत करणारा दुकानदार, दोघेही खरेच अडलेले.

१४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास आणि बदलून देण्यास मनाई केली. बाद पैसा ह्या वाटेनं आत येईल अशी भीती होती. ती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण महाराष्ट्रात अशा ३१ बँका, आणि खेड्यातल्या माणसाची बँक बहुधा हीच. पीककर्ज इथलं, दुधाचे पैसे इथं, अनेक जिल्ह्यांत प्राथमिक शिक्षकांचा पगारही इथंच जमा होणारा. शिक्षक बंधुभगिनींना त्या डिसेंबरचा पगार आठवत असेल. पासबुकात होता, हातात नव्हता.

मग गावं चालली कशावर? उधारीवर. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानात लावणाऱ्यांनीच त्या दिवसांत वह्या उघडल्या. पिठाच्या गिरणीत नाव लिहिलं गेलं, दवाखान्यात लिहिलं गेलं, एस. टी. स्टँडवरच्या चहावाल्याकडेही लिहिलं गेलं. कुठं मजुरी धान्यात मोजली गेली. बलुत्याच्या दिवसांत माप करून धान्य देण्याची रीत होतीच. थोडे आठवडे ती परत आली. शहरातल्या लेखकांनी ह्याचं फार कौतुक केलं. मला वाटतं, कौतुक जरा बेतानं करावं.

कारण उधारी म्हणजे पत, आणि पत सगळ्यांना सारखी नसते. ‘पतपेढी’तला पत शब्द आणि ‘त्याची पत गेली’ ह्यातला पत शब्द एकच आहे. ज्याची पाच एकर बागाईत, त्याला दुकानदार म्हणतो, “न्या हो, पैसे कुठं जातात!” ज्याच्याकडे जमीन नाही, हंगाम संपला की जो गाव सोडून जाईल, त्याला तोच दुकानदार किलोभर तेल देताना दोनदा विचार करतो. त्यात दुकानदार दुष्ट आहे असं नाही. त्याची उधारी तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर उभी; तिथून माल थांबला की ह्यानं आधी वही मिटायची ती सर्वांत लहान गिऱ्हाइकाची.

उलट जुन्या नोटा मात्र वरून खाली सरकल्या. कुणी मजुरीच पाचशेच्या जुन्या नोटेत दिली, कुणी पुढच्या महिन्याचीही देऊन टाकली. नाही कसं म्हणणार? रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी महाराष्ट्रात दिवसाला १९२ रुपये होती. पाचशेची एक नोट बदलण्यासाठी दोन दिवस रांगेत गेले, तर ३८४ रुपयांचं काम बुडालं. म्हणून लोक चारशेला पाचशेची नोट देऊन मोकळे झाले. त्यांना हिशेब येत नव्हता असं शिकलेले लोक म्हणत. हिशेब त्यांनी अगदी बरोबर केला होता.

आणि घरातली माणसं? धान्याच्या कणगीत, डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत बायकांनी पाचशेच्या नोटा जपून ठेवलेल्या. मुलीच्या बाळंतपणाला, माहेरच्या अडचणीला, नवऱ्याच्या नजरेआड. गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर विचारणा होणार नाही असं सरकारनं सांगितलं. पण त्या बाईला आयकर खात्याचं भय नव्हतंच. नोटा भरायच्या तर खातं हवं, किंवा घरच्या पुरुषाच्या हाती त्या द्यायच्या. दिल्या. घरापुरतं म्हणाल तर त्यातला एक रुपयाही बुडाला नाही. फक्त तो तिचा राहिला नाही. ह्या नुकसानीची नोंद कुठल्या अहवालात येणार?

अहवाल आला तो असा: रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत जमा झाले, म्हणजे ९९.३ टक्के. रिझर्व्ह बँकेनं हे ऑगस्ट २०१८ मध्ये छापलं. निर्णय कायद्याला धरून होता की नाही, ह्यावर सर्वोच्च न्यायालयानं २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल देऊन तो वैध ठरवला. त्या वादात आपण आज शिरायला नको. मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट मागं घेण्याचं ठरलं तेव्हा फारशी धांदल झाली नाही. ती नोट तोवर क्वचितच दिसत होती, आणि भाजीवाल्याच्या गाडीवरही मोबाइलनं पैसे घेण्याचा चौकोनी ठिपक्यांचा छाप लटकू लागला होता. सोय मोठी आहे. पण वीज गेली, रेंज गेली, फोन मुलगा घेऊन गेला, की गाव पुन्हा वहीवर येतं.

म्हणून वहीविषयी थोडं. उधारीची वही एकट्या दुकानदाराजवळ असू नये. घेणाऱ्यानं आपलीही एक ठेवावी, चाळीस पानांची पुरते. माल घेतला त्याच दिवशी दोन्हींत लिहावं: तारीख, वस्तू, वजन, भाव. ‘किरकोळ’ असं लिहू देऊ नये. भांडणं बहुतेक ‘किरकोळ’मधूनच निघतात. जुनी बाकी नव्या पानावर नेताना ती मोठ्यानं वाचावी.

लिहिता न येणाऱ्यांचं काय? इथं शिक्षकांचं काम आहे. पाचवी-सहावीच्या वर्गाला नफातोट्याची उदाहरणं आपण पुस्तकातली घालतो. त्याऐवजी आठवडाभर प्रत्येक मुलानं घरची उधारी लिहून आणावी, बेरीज वर्गात तपासावी. मात्र कुणाच्या घरची बाकी किती हे चारचौघांत वाचू नये, एवढी काळजी घ्या. मूल घरी आईची वही लिहू लागेल.

मजुरी धान्यात ठरली तर तेही कागदावर यावं. काम कोणतं, दिवस किती, रोखीचा दर काय, त्या दिवशीचा धान्याचा भाव काय, म्हणून धान्य किती, आणि माप कुणाच्या घरचं. शेर आणि पायली घरोघर वेगळी निघते, तेव्हा किलोत लिहिलेलं बरं. खाली दोघांच्या सह्या, नाहीतर अंगठे. आणि कागद दोन करावेत, एक मालकाकडे, एक मजुराकडे.