जंतनाशक मोहीम वृद्धाश्रमाच्या दारात का थांबते?

(सीमाभागातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा आमचा विषय आहे पोटातले जंत. हा काय व्यासपीठावरून बोलायचा विषय झाला, असे काहींच्या मनात येईल. पण या संकोचापायीच तो दडून राहतो आणि त्याची किंमत आपली म्हातारी माणसे मोजतात. म्हणून आम्ही तो मुद्दाम मांडत आहोत.

2015 सालापासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळा-अंगणवाड्यांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते. मोहीम चांगली आहे, तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण जंत काही वयाचा दाखला मागून पोटात शिरत नाहीत. मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मुलांचा विचार आधी होतो आणि ते योग्यच आहे. मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी अशी मोहीम नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. बेळगाव-खानापूरची भातखाचरे, निपाणीकडची उसाची आणि तंबाखूची राने, यांत जन्मभर अनवाणी राबलेली पिढी आज थकली आहे. काहीजण घरी आहेत, काही वृद्धाश्रमात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून उघड्या पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून बसतात आणि रक्त पितात. एकेका कृमीने घेतलेले रक्त अगदी थोडे असते. पण असे शेकडो असले आणि वर्षानुवर्षे राहिले, तर माणूस पांढराफटक पडतो. आजोबांना जिना चढवत नाही, आजींना जेवण जात नाही, सारखी गरगर होते. आपण म्हणतो, ‘वय झालं आता.’ त्या एका वाक्यावर तपासणी राहून जाते.

स्ट्राँगिलॉइडिस नावाचा आणखी एक कृमी आहे. हा माणसाच्या शरीरातच आपली पुढची पिढी वाढवतो, त्यामुळे बाहेरून नवी लागण न होताही दशकानुदशके टिकतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश-सयामची रेल्वे बांधायला जुंपलेल्या ब्रिटिश युद्धकैद्यांपैकी काहींच्या शरीरात तो पन्नास वर्षांनंतरही सापडला. एरवी तो मुकाट राहतो. पण दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू झाले की प्रतिकारशक्ती दबते, कृमी बेसुमार वाढतात आणि जिवावर बेतते. 2020 मध्ये कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन देऊ लागले, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी याच धोक्याची सूचना दिली होती. अल्बेंडाझोलची एक गोळी या कृमीला पुरत नाही. त्याचे मुख्य औषध आयव्हरमेक्टिन आहे. म्हणूनच दुकानातून गोळी आणून सर्वांना वाटण्याचा उत्साह कोणी करू नये. मेंदूत फीतकृमीच्या गाठी असलेल्या माणसाला अल्बेंडाझोलने फिटही येऊ शकते. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

वृद्धाश्रमात तर एकाचे दुखणे दहाजणांचे व्हायला वेळ लागत नाही. अंथरुणे जवळजवळ, संडास सामाईक, काहींना शौचाचे भान नसते आणि चार-दोन सेवक सगळ्यांना उचलतात, धुतात, भरवतात. सुतासारखे बारीक जंत नखांतून आणि चादरींतून पसरतात. अमीबा आणि जिआर्डिया पाण्यातून व हातांतून पोटात जातात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोविडपासून दारोदारी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या, पण जंतांची अंडी सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवावे लागतात. बेळगावला राकसकोप-हिडकलचे पाणी येवो की निपाणीला जवाहर तलावाचे, आश्रमाची टाकी घाण असेल तर सारे व्यर्थ. शिवाय जिआर्डियासारख्यांना नेहमीच्या क्लोरीनचे फारसे भय नसते. पाणी उकळून देणे हाच खात्रीचा उपाय.

हे बोलणे कोणत्याही आश्रमाविरुद्ध नाही. आपल्याकडचे कितीतरी आश्रम समाजाच्या देणग्यांवर चालतात आणि तिथले सेवक तुटपुंज्या पगारात पोटच्या पोरासारखे करतात. त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये.

आता आपल्या राजकारणाचा प्रश्न. शौचाची तक्रार माणूस परक्या भाषेत सांगत नाही, मायबोलीतसुद्धा लाजत सांगतो. समोरचा कर्मचारी कन्नडमध्ये विचारतो, मराठी आजी नुसती मान हलवते आणि कागदावर ‘तक्रार नाही’ असे लिहिले जाते. राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले संरक्षण आहे. मराठी फलकासाठी आपण भांडतो, तसेच मराठी आरोग्यपत्रकासाठीही भांडले पाहिजे. सीमाप्रश्नाचा 2004 सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, आजीचे रक्त तोवर थांबणार नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांचे निकष ठरवण्याची आणि सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे. 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांचे संरक्षण मिळाले, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरचे. आमची मागणी त्याआधीची आणि फार स्वस्तातली आहे.

एक, आश्रमात येताना आणि पुढे वर्षातून एकदा प्रत्येकाची शौच तपासणी व हिमोग्लोबिन तपासणी व्हावी. एकाच नमुन्यात जंत अनेकदा सापडत नाहीत, तेव्हा वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने घ्यावेत. दोन, स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना या कृमीची आठवण करून द्यावी. तीन, सेवकांचीही तपासणी व्हावी, तीही मोफत. चार, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना मराठीतून निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. पाच, साबण, चपला, नखे कापणे आणि उकळलेले पाणी यांची जबाबदारी प्रत्येक गावच्या मंडळाने जवळच्या एका आश्रमापुरती उचलावी.

तपासणीसाठी महिना कोणता, तर नोव्हेंबर. आम्ही बँकेच्या खिडकीत बसणारी माणसे. पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा अंगठा उमटला की माणूस जिवंत, एवढीच नोंद होते. तो कसा जगतो आहे, हे त्या कागदात कुठेच नसते. 1 नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो. त्याच महिन्यात दाखल्याबरोबर तपासणीही होऊ द्या.

1956 नंतरच्या सत्याग्रहांत, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यातलेच कितीतरी आज अशा खाटांवर आहेत. त्यांना शाल-श्रीफळ जरूर द्या. त्याआधी त्यांच्या रक्ताचा आणि शौचाचा रिपोर्ट मागून घ्या.

जय महाराष्ट्र!