विद्यार्थी की आश्रयार्थी?

(खारघर येथे पालक व युवकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सिडकोने वसवलेल्या खारघरने अल्पावधीत शिक्षणाचे केंद्र म्हणून नाव मिळवले. निफ्टसारखी राष्ट्रीय संस्था येथे आहे, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत. घराचे हप्ते फेडता फेडता मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी दुसरे कर्ज काढणारी कुटुंबेही येथे आहेत. त्यात गैर काहीच नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या, १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्येसाठी समुद्र ओलांडणे महाराष्ट्राला नवे नाही.

परंतु अलीकडच्या काळात या राजमार्गाला एक आडवाट फुटली आहे. मुलगा शिकण्यासाठी कॅनडाला जातो. मुदत संपत येते, नोकरी मिळालेली नसते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी कोणी तरी ‘मार्गदर्शक’ त्याच्या कानाशी लागतो : आश्रयाचा अर्ज टाक, निकाल लागेपर्यंत कोणी हात लावणार नाही, अभ्यासाचा आणि कामाचा परवानाही त्यावरच मिळेल. ही कुजबूज इतकी पसरली की, सप्टेंबर २०२४ मध्ये कॅनडाचे तत्कालीन स्थलांतर मंत्री मार्क मिलर यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या वाढत्या आश्रय-अर्जांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. हा प्रश्न केवळ परराष्ट्राच्या कायद्याचा नाही. तो आपल्या घराचा आणि आपल्या शब्दाच्या किमतीचा आहे.

आश्रय म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले, ते कायद्याचे विद्यार्थी म्हणूनच. ग्रेज इनची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यात आली. मार्च १९१० मध्ये त्यांना अटक झाली आणि ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून त्यांनी मार्सेच्या बंदरात उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला की आपण आश्रयाचे अधिकारी होतो, हा त्या उडीमागचा विचार होता. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात अनियमितता झाल्याचे मान्य झाले, पण सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर घातले गेले नाही. त्या एका विद्यार्थ्याने आश्रय मागितला, तेव्हा त्याच्या मागे खरोखर राजसत्ता लागली होती आणि पुढे अंदमानची कोठडी होती.

आश्रय देणारी भूमी म्हणूनही महाराष्ट्राची ओळख आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांतही बहुतांश स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. त्यांच्या मुलांसाठी तेथे शाळा चालल्या. गोंदिया जिल्ह्यातील नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आजही नांदती आहे. भारतीय नागरिकत्व न घेतलेल्या तेथील तरुणाला परदेशी शिकण्यास जायचे असेल, तर त्याच्याजवळ पासपोर्ट नसतो. भारत सरकारने दिलेले पिवळ्या रंगाचे ओळख प्रमाणपत्र घेऊन त्याला निघावे लागते आणि परत येण्याची परवानगीही आधीच घ्यावी लागते. ज्याला स्वतःच्या देशाचा पासपोर्टच नाही, त्याला पासपोर्टचे मोल विचारावे.

खारघरचा मुलगा आश्रयाचा अर्ज करतो तेव्हा नेमका हाच पासपोर्ट तो कॅनडाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करतो. ही प्रक्रिया प्रत्येक पालकाने समजून घेतली पाहिजे. विद्यार्थी परवाना घेताना त्याने अधिकाऱ्याची खात्री पटवलेली असते की, मुदत संपली की तो देश सोडेल. आश्रयाच्या अर्जात त्याला लिहावे लागते की, मायदेशी परतल्यास वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे त्याचा छळ होईल, किंवा त्याच्या जिवाला धोका आहे. बोटांचे ठसे घेतले जातात, वैद्यकीय तपासणी होते. दावा सुनावणीस पात्र ठरला, तरी त्याच्या नावे देश सोडण्याचा सशर्त आदेश निघतो. दावा फेटाळला गेला की तो आदेश अंमलात येऊ शकतो.

अशा दावेदाराला अभ्यासाचा परवाना मागता येतो, हे खरे आहे आणि त्यासाठी शुल्कही लागत नाही. कारण उघड आहे. खऱ्या निर्वासिताच्या मुलाचे शिक्षण सुनावणीच्या वर्षांत बुडू नये, ही त्यामागची माणुसकी आहे. मात्र तो परवाना दाव्याच्या आधाराने उभा असतो. दावा कोसळला की परवान्याचा आधारही जातो. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे कॅनडात प्रवेशबंदी होऊ शकते. दावा मान्य झाला तरी भारतात येणे-जाणे आणि भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण करणे त्या संरक्षणावर गदा आणू शकते. म्हणजे आजारी आईला भेटायला येण्याचीही त्याला धास्ती. कॅनडाच्या संसदेत जून २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात तर प्रवेशानंतर वर्ष उलटून गेल्यावर केलेला दावा निर्वासित मंडळाकडे पाठवूच नये, अशी तरतूद सुचवली गेली.

खोट्या दाव्याची झळ इतरांनाही लागते. ज्याचे घर खरोखर जाळले गेले, जी खरोखर जीव मुठीत धरून पळाली, तिच्या अर्जाकडेही अधिकारी संशयाने पाहू लागतो. ज्याच्यावर खरे संकट आहे, त्याने आश्रय जरूर मागावा. तो त्याचा अधिकार आहे. पण हप्ता थकला म्हणून मायभूमीवर छळाचा आरोप करणे, हा त्या अधिकाराचा आणि मायभूमीचाही अवमान आहे.

या मुलांना केवळ दोष देऊन भागणार नाही. दलालांनी अनेकांना फसवले आहे. २०२३ मध्ये पंजाबातील कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती प्रवेशाची बनावट पत्रे असल्याचे उघड झाले. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची पडताळणी संस्थेकडून करून घेणे कॅनडाने सुरू केले. १९ जानेवारी २०२२ रोजी इमर्सनजवळ कॅनडाची सीमा पायी ओलांडताना गुजरातमधील एका कुटुंबातील चौघे गोठून मरण पावले. त्यांत दोन लहान मुले होती. आडवाटेची अखेर कुठे होऊ शकते, याचे याहून दारुण उदाहरण नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, हिशेब खरा मांडावा. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठी शुल्काव्यतिरिक्त दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून दहा हजार डॉलरवरून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर केली. जलद परवान्याची योजना ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली. ज्या घराला हा भार पेलत नाही, त्याने पाहुण्यांत मिरवण्यासाठी तो उचलू नये. दुसरी गोष्ट, कॅनडाच्या स्थलांतराबाबत मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील, क्वेबेकचे नोटरी, परवानाधारक सल्लागार अशा अधिकृत व्यक्तींनाच आहे. सल्लागाराचे नाव अधिकृत नोंदवहीत आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. तिसरी गोष्ट, मुदत संपण्यापूर्वीच वाढीचा अर्ज करावा. चुकून मुदत टळली, तर दर्जा पूर्ववत करून घेण्यासाठी नव्वद दिवसांची सोय असते. सरळ मार्ग अवघड असेल, पण तो आहे.

आणि चौथी गोष्ट पालकांसाठी. मुलाला निरोप देताना परतीचे दार उघडे असल्याचे त्याला स्पष्ट सांगावे. पदवी अर्धी राहिली, नोकरी मिळाली नाही, तरी घरी ये. कर्ज मिळून फेडू. बहुतेक मुले आडवाटेला लागतात ती लोभाने नव्हे, तर रिकाम्या हातांनी परतण्याच्या लाजेने. ती लाज घराने आणि समाजाने दूर केली पाहिजे. परतलेल्या मुलाला ‘काय झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आता काय करू या?’ असे विचारणारे शेजारी ज्या वस्तीत असतील, तेथील मुलाला परक्या देशाकडे खोटा आश्रय मागण्याची वेळ येणार नाही.